पीक

विट्यात पीक शेतातलंच असतं असं नाही.
धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला की एक पीक.
इंचात बावन्न बसली की कापड,
आणि त्याच हिशेबानं अप्पांचा पगार.
माझं पीक काळं, त्रिकोणी, एक मिलिमीटर जाड,
सांगलीच्या दुकानात वीस रुपयांना.
एक टोक झिजलं की फिरवून दुसरं वापरतो.

शेडच्या मागच्या खोलीत सुताच्या पोत्यांवर बसून
मी नुसतं खाली मारतो.
खाली, खाली, खाली, खाली,
वर येताना तारेला न शिवता.
तळव्याची कड ब्रिजवर टेकलेली,
म्हणून आवाज दबका, बुक्क्यासारखा.
ॲम्प लावत नाही.
चोवीस मागांपुढं ॲम्प काय बोलणार?

फोनवरचा मेट्रोनोम पहिल्यांदा मागासमोर धरला
तेव्हा आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस.
कडेचा जुना माग एकशे बेचाळीस.
अप्पा म्हणाले, त्याला दमा आहे.
मला हवेत एकशे नव्वद,
दर ठोक्याला दोन घाव, तीन मिनिटं, न थांबता.
मी चाळीस सेकंदांत संपतो.
कोपराखाली दगड होतो, अंगठा पांढरा पडतो,
पीक बोटांतल्या बोटांत फिरून आडवं होतं.

बाबालाल जॉबर पाना शोधत आत आला.
“कुणाशी भांडायलायस?”
“स्पीड वाढवतोय, चाचा.”
मोटार तापलीय का बघावं
तसा त्यानं माझा हात चाचपला.
“आम्ही पोरं होतो तवा
दांड्याची स्प्रिंग आवळून ठेवायचो,
धोटा जोरात जाईल म्हणून.
जायचा की. भिंतीत जायचा.
एकदा महिपती कोळेकराच्या कपाळात गेला.”
पाना पोत्याखालीच होता. तो उचलून, जाता जाता,
“त्याला पलीकडं पोचायचंय, तेवढंच ढकल.”

त्या रात्री नव्वदवर उतरलो. लाज वाटली.
कोपर सोडलं, मनगट ठेवलं,
हात धुऊन पाणी झटकावं तसं.
पिकाचं नखाएवढंच टोक तारेखाली जाऊ दिलं.
जळजळ झाली तर चालायचं,
कळ आली की गिटार भिंतीला.
आईच्या कांड्यांच्या वहीत, मागच्या पानांवर, आकडे:
घटस्थापनेला एकशे बारा.
पाडव्याला एकशे चव्वेचाळीस.
मग तीन आठवडे एकशे साठ, एकशे साठ, एकशे साठ,
एकदा एकशे छप्पन्न.

आई कांड्या भरता भरता विचारते,
“ह्यात गाणं कधी लागतं?”
“हेच गाणं.”
“मग आमचं सकाळपासनं चालूच हाय की.”

जानेवारीत एका संध्याकाळी वीज गेली.
माग थांबले, पण लगेच नाही,
शेवटचा एकेक धोटा अर्ध्या वाटेत मेला.
मी एकशे चौऱ्याऐंशीवर होतो,
एक मिनिट पन्नास झालेलं.
अंधारात थांबलो नाही.
पहिल्यांदाच अख्ख्या शेडला
माझ्या उघड्या तारेचा आवाज ऐकू गेला असेल.
कुणीतरी विडी पेटवली. कुणी काही बोललं नाही.
दोन मिनिटं दहा. दोन मिनिटं वीस.
हात कुणा दुसऱ्याचा असावा, इतका हलका.

दारातून बाबालालचा आवाज आला,
“सातवा कच्चा पडतोय.”
“काय?”
“आठातला सातवा. दर खेपेला.
तिथं कापडाला पट्टा येणार.”

मोजलं. खरंच.
चाळीस वर्षं तो
न तुटलेला धागा ऐकत आलाय.

वीज आली, चोवीसही माग एकदम बोलू लागले,
तो पाना घेऊन गेला.
मी काटा परत नव्वदवर आणला
आणि सातव्याची वाट बघत
पहिला मारला.